तोंडाला चव नसते तेव्हा काय प्यायचं? घरच्या घरी करायची सूप, सोलापुरी पद्धतीनं

ताप आला, सर्दी झाली, पोट बिघडलं की आजारी माणूस एकच सांगतो, काही नको, आणि घरातले मात्र हात धुवून मागं लागतात की थोडं तरी खा. मग कोणतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटातलं सूप आणतं. ते काय विष नाहीये, पण पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं एकदा वाचा, कॉर्नफ्लोअर, साखर आणि मीठ यातच बरंचसं संपतं. त्यापेक्षा सोलापुरात राहायचा फायदा घ्या ना! इथं एकाच गल्लीत मराठी, तेलुगु, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं, आणि प्रत्येक घरात आजारपणाचं एक पातळ काहीतरी ठरलेलं आहे. कुणाकडं चारू, कुणाकडं कढण, कुणाकडं माडगं, कुणाकडं अळणी.

फक्त एक लक्षात ठेवा, सगळ्या दुखण्याला एकच सूप चालत नाही. सर्दीला जे छान लागतं ते जुलाबात दिलं तर पोट अजून बिघडतं, आणि ताप चढलेला असताना पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचं सूप, पाजला तर माणूस नुसता पडून राहतो, पचत नाही. त्यामुळं मी इथं रेसिपी दुखण्याप्रमाणं सांगतोय.

आणि हेही आधीच सांगतो की सूपनं ताप उतरत नाही आणि इन्फेक्शन जात नाही. सूप पाणी देतं, मीठ देतं, थोडी ताकद देतं, गरम वाफेनं नाक-घसा मोकळा करतं, आणि चावायचा कंटाळा आलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी जातं. एवढं पण खूप झालं.

सर्दी, नाक बंद, घसा धरलाय: चारू

हे मी सगळ्यात वर ठेवतो. आपल्या पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर त्या साइडला पद्मशाली घरांत चारू हा रोजच्या भाताबरोबरच असतो, पण सर्दीला तोच जरा तिखट मिऱ्याचा करतात. तीन ग्लास पाण्याचा करायचा तर लिंबापेक्षा थोडी लहान चिंच गरम पाण्यात भिजत घाला. दोन पिकलेले टोमॅटो हातानंच कुस्करायचे, मिक्सर नको, मिक्सरला लावला की त्याचं टोमॅटो सूप होतं आणि चारूचा पातळपणा जातो. चिंचेचा कोळ, टोमॅटो, हळद, मीठ आणि पाणी एकत्र करून आठ-दहा मिनिटं चांगलं उकळू द्या, चिंचेचा कच्चा वास जायला पाहिजे.

तोवर खलबत्त्यात 8-10 मिरे, एक चमचा जिरं, आणि सालासकट 5-6 लसणाच्या पाकळ्या ठेचायच्या. पावडर नको, जाडसर ठेचा. मिऱ्याचे दोन तुकडे, जिऱ्याचा भुगा आणि लसूण चेंबलेला दिसला की थांबा. ठेचताना जो वास येतो ना, त्यानंच अर्धं नाक उघडतं. हे ठेचलेलं उकळत्या पाण्यात टाकायचं आणि इथून पुढं भांड्यावरची नजर हलवायची नाही. कडेनं आधी बारीक फेस येतो, मग तो मधे सरकतो, आणि सगळा वर चढायला लागला की गॅस बंद. यानंतर रटरट उकळला तर मिऱ्याचा सुगंध उडून जातो आणि नुसतं कडवट तिखट राहतं. वरून कोथिंबीर टाका, झाकण ठेवा, पाच मिनिटं हात लावू नका.

फोडणी मोहरी, कढीपत्ता, हिंग आणि एखादी लाल मिरची अशी असते, पण घरात कुणाला खोकला असेल तर लाल मिरची वगळा. मिरचीच्या धुरानं आजारी माणसाला असा ठसका लागतो की चारू प्यायच्या आधीच तो वैतागतो. तूप-जिऱ्याची फोडणी द्या, बास. वरचं निवळ पाणी ग्लासात घेऊन घोट घोट प्यायचं, आणि भूक असेल तर खालचा गाळ मऊ भातावर. कन्नड घरांतलं सारू पण याच वळणाचं, त्यात बऱ्याच ठिकाणी तुरीच्या डाळीवरचं पाणी घालतात, ते घातलं तर पोटाला जरा आधार होतो.

ॲसिडिटी असेल, छातीत जळजळ असेल तर मात्र चिंच आणि मिरे दोन्ही त्रास देतात, अशानं चारूच्या नादी लागू नये.

पावसाळ्यातली कणकण: हुलग्याचं माडगं

हुलगे म्हणजे कुळीथ, आपल्याकडं हुलगेच म्हणतात. शेंगोळी करतो त्यातलेच. जुलै-ऑगस्टमध्ये अंगात कणकण आहे, नाक गळायलंय, पाय दुखायलेत, अशावेळी खेड्यात अजून माडगंच करतात आणि शहरातली पोरं त्याला नाक मुरडतात, कारण रंग मातकट दिसतो. दिसू दे.

खरं काम पिठाचं आहे. हुलगे निवडून घ्या, त्यात बारीक खडे हमखास असतात आणि खडे रंगानं हुलग्यासारखेच असतात, म्हणून ताटात पसरून उजेडात बघा. मग जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर भाजायचे. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग तडतड सुरू होते, साल फुटायला लागते आणि खमंग वास येतो. एक दाणा दाताखाली धरा, कुरकुरीत तुटला तर झालं, चिवट लागला तर अजून भाजा. गार करून मिक्सरला बारीक करा नाहीतर गिरणीतून आणा. डब्यात भरून ठेवलं की आयत्या वेळी दहा मिनिटांत माडगं तयार.

एका माणसाला दोन मोठे चमचे पीठ पुरतं. ते अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घ्यायचं. गार म्हणजे गारच, गरम पाण्यात थेट पीठ टाकलं तर गुठळ्या होतात आणि मग त्या फोडत बसा. दुसरीकडं दीड-दोन ग्लास पाणी उकळायला ठेवून त्यात गुळाचा खडा, चिमूटभर मीठ आणि सुंठ टाका. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटं शिजलं की ते चकाकायला लागतं आणि चमच्याला पातळ थर धरतं. गरम असतानाच प्यायचं, वरून अर्धा चमचा तूप. कुणी दूध पण घालतं. शुगरवाल्यांनी गूळ वगळून लसूण-जिरं आणि हिंगाच्या फोडणीचं तिखट-मिठाचं करावं, मला तर तेच जास्त आवडतं.

हुलगे उष्ण असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात, आणि पित्ताचा त्रास असणाऱ्यांना ते बाधतात हे घरोघरी बघायला मिळतं. रात्री झोपताना मोठा वाडगा भरून देऊ नका, संध्याकाळीच द्या.

उलट्या, जुलाब: इथं हुशारी नको

पोट बिघडलंय तेव्हा मिरे नाही, लसूण नाही, तूप नाही, टोमॅटो नाही. तांदळाची पेज. मूठभर तांदूळ, तुकडा असला तर अजून बरं, धुऊन सात-आठ वाट्या पाण्यात इतके शिजवायचे की दाणा बोटानं दाबला तर लोण्यासारखा पसरला पाहिजे. रवीनं घोटा, मीठ घाला, आधी वरचं पाणी द्या, ते टिकलं तर मग घट्ट.

पण नुसत्या पेजेवर राहू नका. जुलाबात पाण्याबरोबर मीठ पण जातं, म्हणून ओआरएसचं पाकीट घरात असलंच पाहिजे, आणि ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण कालवायचं, चिमूट चिमूट नाही. रात्री-अपरात्री पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर 6 सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. हे प्रमाण अंदाजानं बदलायचं नाही, मीठ जास्त झालं तर लहान लेकराला ते धोक्याचं ठरतं. उलटी झाली की लगेच ग्लास तोंडाला लावू नका, दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्यानं सुरू करा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पेज नाही, कढण नाही, त्याला आईचं दूध चालू ठेवायचं आणि डॉक्टरकडं न्यायचं.

ताप उतरतोय, भूक परत यायलीय: मुगाचं कढण

याच्याइतकं साधं आणि याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. अर्धी वाटी अख्खे हिरवे मूग कोरडेच जरा गरम करून घ्या, धुवा, पाच-सहा वाट्या पाणी, चिमूट हळद, आल्याचा तुकडा, कुकरला चार-पाच शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ द्या. मग रवीनं घोटून मोठ्या गाळणीतून गाळा. जुलाब नुकतेच थांबले असतील तर साल गाळून टाकलेलंच बरं, नुसता अशक्तपणा असेल तर गाळायची गरज नाही. तूप, जिरं, हिंगाची फोडणी आणि मीठ. लिंबू पिळायचं तर गॅसवरून उतरवल्यावर. वेळ नसेल तर सालीची मूग डाळ घ्या, ती लवकर शिजते.

कच्च्या मुगात 100 ग्रॅमला साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे आजारातून उठताना पाहिजे ते यात आहे, फक्त वाटीभर पाणचट पाण्यात ते सगळं उतरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पातळ, मग रोज थोडं घट्ट करत जायचं.

आणि आता खरी सोलापुरी गोष्ट. कडक भाकरी असेल ना घरात, तिचे तुकडे गरम कढणात बुडवून झाकून ठेवा. ज्वारीची ती पापडासारखी भाकरी दोन मिनिटांत भिजते, कडेनं मऊ आणि मधे जराशी दाताला लागेल अशी, आणि ज्याला पोळी-भाजी बघून मळमळतं तो माणूस हे चमच्यानं गपचूप संपवतो. कडक भाकरी महिनाभर टिकते, त्यामुळं आजारपणासाठी एक पाकीट बाजूला ठेवलं तरी चालतं. शेंगा चटणी मात्र तेवढे दिवस लांब ठेवा, कितीही डोळे लावून बसला तरी.

शेवग्याच्या शेंगा मिळाल्या तर दोन शेंगा मूग डाळीबरोबर शिजवून आतला गर ओरबाडून घ्या आणि त्याच कढणात घाला. लाल भोपळ्याची फोड पण छान मिळून येते, गोडसर होतं, लहान पोरं पितात.

अशक्तपणा: अळणी, चिकन, पाया

मटण खाणाऱ्या घरात अळणी वेगळं करावं लागत नाही, ते आपोआपच होतं. काळ्या मसाल्याचं मटण करायच्या आधी जे नुसतं हळद-मिठात शिजतं त्यातलं पाणी म्हणजे अळणी. हाडाचं मटण घ्या, नळी असेलच असं बघा. पाव किलोला चमचाभर आलं-लसूण, हळद, मीठ, थोडा कांदा तुपावर परतून चार-पाच ग्लास गरम पाणी, कुकरला पाच-सहा शिट्ट्या. गाळून घ्या आणि लगेच पाजू नका, जरा निवू द्या, वर चरबीचा थर येतो तो पळीनं काढून टाका. आजारी पोटाला तो थरच जड पडतो. मग परत गरम करून दोन मिरे ठेचून घाला. खालच्या मटणाला मसाला घालून बाकी घराचा रस्सा होतो, एका भांड्यात दोघांचं काम.

चिकन सूपची जगभर ख्याती आहे आणि त्यावर खरंच प्रयोग झालेत. 1978 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गरम पाणी, गार पाणी आणि चिकन सूप पाजून नाकातला शेंबूड किती वेगानं सरकतो ते मोजलं, गरम पाण्यानं पण वेग वाढला आणि चिकन सूपनं त्याहून थोडा जास्त. 2000 मध्ये नेब्रास्काच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या रेसिपीनं सूप करून लॅबमध्ये तपासलं, तर त्यानं ठराविक पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली. हे काचेच्या भांड्यातलं, माणसात तसंच होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण आजीच्या सूपला कुणीतरी लॅबपर्यंत नेलं याचंच मला लई कौतुक वाटतं. आपल्याकडं गावरान कोंबडी घेऊन वरच्या अळणीसारखंच करायचं, शिट्ट्या मात्र गावरानला जास्त लागतात, ब्रॉयलरला तीन पुरतात.

पाया हे खूप नंतरचं. ताप गेलाय, भूक लागायलीय, तेव्हा. भाजून-साफ केलेला पाया आणायचा, घरी गरम पाण्यानं खरवडून धुवायचा, आणि कुकरला मंद गॅसवर पाऊण तास तरी. चांगला झाला तर गार झाल्यावर जेलीसारखा थिजतो. हाड मोडल्यावर पाया पाजला की हाड जुळतं असं सगळेच सांगतात, पण त्यातला चिकटपणा पोटात गेल्यावर बाकीच्या प्रोटीनसारखाच पचतो आणि कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. आवडतो म्हणून प्या, हाडासाठी दूध, अंडी, नाचणी आणि डॉक्टर सांगतील ते.

मे महिन्यातलं आजारपण वेगळं

पारा 42-43 च्या पुढं जातो तेव्हा गरम सूप कुणाच्या घशाखाली उतरणार? उन्हानं डोकं दुखायलंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, तर ज्वारीची आंबील. दोन चमचे ज्वारीचं पीठ रात्री अर्धी वाटी ताकात कालवून ठेवा, सकाळी दोन ग्लास उकळत्या पाण्यात ओतून आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवा, पूर्ण गार करा, मग ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तापलंय, शुद्ध हरपायलीय तर त्याला काहीच पाजू नका, सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

सूपवर भागणार नाही तेव्हा

आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले, आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्यामुळं पावसाळ्यात ताप दोन-तीन दिवस राहिला तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूत ताप उतरला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण नेमके तेव्हाचे एक-दोन दिवस जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, एकदम सुस्ती यातलं काही दिसलं तर कढण गॅसवर तसंच सोडा आणि निघा. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं घेऊ नये. मान ताठ होणं, धाप लागणं, सात-आठ तास लघवी न होणं, यात पण वाट बघायची नाही.

बीपीवाल्यांच्या सूपात मीठ बेतानं. किडनीचा आजार असेल तर पाणी किती, टोमॅटो किती, डाळ किती हे सगळंच डॉक्टरला विचारून. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, खोकला असला तरी नाही.

सिव्हिलला किंवा कुठल्याही दवाखान्यात डबा न्यायचा असेल तर आधी सिस्टरला विचारा की तोंडानं द्यायचंय का, बऱ्याचदा पेशंटला उपाशी ठेवलेलं असतं आणि नातेवाईक मायेनं पाजून मोकळे होतात. थर्मासमध्ये पहिल्यांदा उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओता, मग सूप भरा, जास्त वेळ गरम राहतं. गाळूनच न्या, पडल्या पडल्या पिताना तोंडात कढीपत्ता आला की ठसका लागतो. लिंबाची फोड आणि मिठाची पुडी वेगळी. उरलेलं घरी आणून परत दुसऱ्या दिवशी नेऊ नका, उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं कढण दोन-तीन तासांत आंबायला लागतं. जास्त केलंच असेल तर गार झाल्याबरोबर फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून खळाखळा उकळून द्या, बाकीचं सकाळच्या आमटीत ढकला.